सहा मुके ड्रोन

ते सहा खोके आले त्या दिवशी आमच्या ऑफिसात केक कापला. बहारीनमधल्या सित्रातल्या एका कारखान्याच्या टाक्या आणि चिमण्या तपासण्याचं वर्षभराचं काम आमच्या कंपनीला मिळालं होतं, त्याचा तो केक. पूर्वी अशा कामाला परांची बांधून माणसं वर चढवायची. ऑगस्टच्या उन्हात लोखंडाला नुसता हात लागला तरी फोड यायचा. आता ड्रोन वर जातो, गंजलेल्या जागेचे फोटो काढतो, आणि त्याला उडवणारा माणूस खाली सावलीत उभा राहून पडद्यावर बघतो. आमच्याकडे असे दोन ड्रोन होते. या कामाला ते पुरणार नव्हते, म्हणून साहेबांनी एका व्यापाऱ्याकडून आणखी सहा मागवले.

खोक्यांवर एकही इंग्रजी अक्षर नव्हतं. मी हातातला केक टेबलावर ठेवला आणि पहिला खोका फोडला. आतला ड्रोन आमच्या जुन्यांचाच भाऊ दिसत होता. तोच राखाडी रंग, तेच चार हात. फक्त चार्जरची पिन वेगळी आणि माहितीपुस्तक सगळं चिनी.

"पिनचं काय, अडॅप्टर लावू," साहेब म्हणाले. "केक खा आधी, मॅडम."

हे साहेब म्हणजे आमचे मॅनेजर, पुण्याचे. मला त्या कंपनीत त्यांनीच लावलं होतं. मी कोल्हापूरची, इलेक्ट्रॉनिक्सचा डिप्लोमा केलेली, लग्नानंतर नवऱ्यापाठोपाठ बहारीनला आले. पहिली काही वर्षं मुलगी लहान म्हणून घरीच गेली. मग एका वर्षी इथल्या मराठी मंडळींच्या गणपतीत ऐन आरतीला ॲम्प्लिफायर बंद पडला. पुरुष मंडळी त्याच्याभोवती उभी राहून वायरी हलवत होती. मी पदर खोचला, मागचं झाकण उघडलं, नवऱ्याला घरी पिटाळून सोल्डरिंग गन आणवली आणि प्रसाद वाटायच्या आत तो चालू करून दिला. "वहिनी, हे तुम्हाला येतं?" असं तोंडाचा आ करून ज्यांनी विचारलं, ते हे साहेब. दोन महिन्यांनी मी त्यांच्या ऑफिसात होते. त्यानंतरची नऊ वर्षं ऑफिसात मी मॅडम आणि ते सर. ऑफिसबाहेर मी वहिनी आणि ते भाऊजी. त्यांच्या बायकोचं नि माझं छान जमायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढे माझं जे भांडण झालं ते परक्या माणसाशी झालं नाही.

कंपनीत माझं काम दोन तऱ्हेचं होतं. यंत्र बिघडलं की ते दुरुस्त करायचं, आणि चांगलं असलं की त्याचे कागद करायचे. बहारीनमध्ये ड्रोनला कागद फार. देशात आणायची परवानगी वेगळी, उडवायची वेगळी. त्यात या कारखान्याची स्वतःची एक अट होती, ठळक अक्षरांत छापलेली. आमच्या हद्दीत उडणारा प्रत्येक ड्रोन आमच्या टॅबवर दिसलाच पाहिजे.

म्हणजे काय, ते सोपं आहे. रस्त्यावरच्या गाडीला नंबरप्लेट असते. उडणाऱ्या ड्रोनवरची पाटी खालून कोण वाचणार? म्हणून ड्रोननंच उडताना सेकंदासेकंदाला रेडिओवरून सांगत राहायचं, माझा नंबर हा, मी इथं आहे, एवढ्या उंचीवर आहे, आणि मला उडवणारा माणूस तिथं उभा आहे. याला रिमोट आयडी म्हणतात. ज्याच्याकडे ते ॲप आहे त्याला नकाशावर ठिपका दिसतो. कारखान्यात एकाच वेळी दोन-तीन कंपन्यांचे ड्रोन हवेत असत, शेजारी क्रेन चालू असत. कोणता ठिपका कोणाचा हे कळलं नाही तर टक्कर व्हायला वेळ लागत नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आणि आमचा पायलट ऑफिसमागच्या मोकळ्या जागेत गेलो. तिथं उडवायची परवानगी आमच्याकडे होती. पायलट केरळचा, पन्नाशीचा, आधी लग्नांचे व्हिडिओ काढणारा, अतिशय सावध माणूस. वारा किती आहे हे बघायला तो अजूनही रुमाल वर धरायचा. आधी त्यानं जुना ड्रोन उडवला. माझ्या फोनवर हिरवा ठिपका आला, खाली नंबर आला. मग नव्यांतला पहिला उडवला. ड्रोन डोक्यावर घोंगावत होता आणि फोनवर नकाशा कोरा.

"फोन का प्रॉब्लेम होगा," तो म्हणाला.

मी ॲप बंद करून परत उघडलं, फोन त्याच्याच हातात दिला. कोराच. दुसरा ड्रोन, तिसरा, सहाही झाले. उडायला सगळे उत्तम, बोलायला एकही तयार नाही. मी ड्रोन उलटा करून पोटावरचा स्टिकर भिंगातून वाचला. मॉडेलचं नाव आमच्या आयातीच्या कागदावर होतं तेच होतं, पण शेवटी एक अक्षर जास्त होतं. व्यापाऱ्यानं कागदावर ते अक्षर लिहिलंच नव्हतं.

मी व्यापाऱ्याला फोन लावला. "सेटिंगमध्ये जाऊन देश बदला, खलास," तो म्हणाला. सेटिंगमध्ये देश बदलायची सोयच नव्हती. मग मी बनवणाऱ्या कंपनीला मेल केला. तीन दिवसांनी त्यांचं सरळ उत्तर आलं. हे ड्रोन आमच्या देशातल्या बाजारासाठी बनवलेले आहेत. ते तिथल्या पद्धतीनं, तिथल्या यंत्रणेत नोंदले जातात. दुसऱ्या देशातली पद्धत त्यांत चालू करता येणार नाही.

मेल छापून मी साहेबांच्या केबिनमध्ये गेले. त्यांनी तो उभ्याउभ्याच वाचला.

"बरं. मग?"

"मग हे परत पाठवायचे, सर. नाहीतर त्यांच्यावर ओळख सांगणारे वेगळे मॉड्यूल बसवायचे. आणि आयातीचा कागद चुकलाय, तो सरकारी खात्याला कळवून दुरुस्त करून घ्यायचा."

"यात महिना जाईल. काम पंधरा दिवसांनी सुरू होतंय."

"हो. उशीर होईल."

त्यांनी ड्रॉवरमधून एक फॉर्म काढला. कारखान्याला द्यायचं हमीपत्र. आठ ड्रोनचे नंबर टाईप केलेले, आणि खाली एक ओळ, की वरील सर्व ड्रोन तपासले असून ते आपली ओळख प्रसारित करतात. तपासणाऱ्याचं नाव म्हणून माझं नाव आधीच छापलेलं होतं.

"हे कसं जमायचं, सर? सहा बोलत नाहीत."

"मी सांगतो कसं. एक मॉड्यूल मागवू. तो चालू करून गाडीत ठेवायचा. नवा ड्रोन वर, मॉड्यूल गाडीत. त्यांच्या टॅबवर ठिपका दिसला म्हणजे झालं. कोण मोजत बसतंय?"

मला आधी वाटलं ते गंमत करताहेत. मी म्हटलं, "टॅबवर दिसेल की ड्रोन पार्किंगमध्ये उभा आहे. आणि तो असेल टाकीच्या वर."

"मॅडम, सगळे असंच करतात."

"करत असतील. माझ्या नावावर नाही."

ते हसून म्हणाले, "विचार करा. घाई नाही." पण घाई त्यांनाच होती. शुक्रवारी दुपारी ते बायकोला घेऊन आमच्या घरी आले, बर्फीचा डबा घेऊन.

माझा नवरा झल्लाकच्या एका हॉटेलात खरेदी बघतो. मूळचा साताऱ्याचा, शांत माणूस, कोणाशी वाकडं नको असं वागणारा. त्यानं चहा टाकला. साहेबांनी इकडचं तिकडचं बोलून घेतलं, मग पुढे सरकून म्हणाले, "वहिनी, तुम्ही फारच मनावर घेतलंय. एका सहीचा तर प्रश्न आहे. तुमच्या भावानं मागितली असती तर नसती दिली?"

"भाऊजी, भावानं खोटी सही मागितली असती तर त्यालाही नसती दिली. आणि ऑफिसचं ऑफिसात बोला. तिथं मला मॅडम म्हणा नि मग विचारा."

त्यांच्या बायकोनं कप खाली ठेवला. नवरा खिडकीतून बाहेर बघायला लागला. बर्फी कोणीच खाल्ली नाही.

ते गेल्यावर नवरा म्हणाला, "करून टाक की. आपलं काय जातंय त्यात?"

"माझं नाव जातंय."

"नाव! आणि व्हिसा गेला तर? पोरीचं बारावीचं वर्ष आहे."

"व्हिसा पोरीचा तुमच्यावर आहे, माझ्यावर न्हाई. उगं भीती घालू नका." चिडले की माझी कोल्हापुरी बाहेर येते. "अहो, दवाखान्यात कार्ड दाखवतो, बँकेत कार्ड, पोस्टात कार्ड. गेटवरचा वॉचमन रोज मला ओळखतो, रोज सलाम करतो, तरी रोज कार्ड मागतो. मी कधी कुरकुर केलीया? मग त्या ड्रोनची ओळख मी खोटी कशी लिहू? वरून एखाद्याच्या डोक्यावर पडला तर विचारतील, कोणी तपासला. माझं नाव लिहिलेलं असेल."

मुलगी आतल्या खोलीत अभ्यास करत होती. तिला मराठी सगळं कळतं, उत्तर मात्र ती इंग्रजीत देते. दारात येऊन ती बापाला म्हणाली, "पप्पा, शी इज राइट. मम्मा, जस्ट डोन्ट साइन."

"तू अभ्यास कर," तो म्हणाला. पण त्यानंतर त्यानं मला सही करायला परत सांगितलं नाही. दोन दिवस घरात भांड्यांचाच आवाज होता.

रविवारी ऑफिसात गेल्यावर मी साहेबांना लेखी कळवलं. सहा ड्रोन ओळख प्रसारित करत नाहीत, मी ते अमुक दिवशी तपासले, हमीपत्रावर मी सही करणार नाही. तीन ओळी. त्यांनी उत्तर दिलं नाही. दुपारी मी चहा घ्यायला गेले तर पायलट पँट्रीत एकटाच उभा होता. नवा फॉर्म त्याच्या हातात होता. माझ्या नावाच्या जागी आता त्याचं नाव होतं, आणि खाली त्याची सही झालेली होती.

"तुम्ही स्वतः बघितलंय," मी हिंदीत म्हणाले. "फोन तुमच्या हातात होता."

"बघितलंय." तो कपात साखर ढवळत राहिला. "बहन, माझ्या दोन मुली नर्सिंगला आहेत. माझा व्हिसा साहेबांच्या हातात आहे. तुमचं तसं नाही. तुमचा नवरा कमावतो."

ते खरं होतं, म्हणून जास्त लागलं. माझा हट्ट मला परवडणारा होता. त्याला तो परवडणारा नव्हता. मी म्हटलं, "काही झालं तर उडवणारे तुम्ही. आत जाणार तुम्ही. साहेब म्हणतील, यानंच सही केली."

"मालूम है," तो म्हणाला आणि चहा न पिताच निघून गेला.

मला राग आला, तो पायलटचा नव्हता. मी नाही म्हटलं की ती सही माझ्याहून कमजोर माणसाकडून काढून घ्यायची, हे साहेबांना इतकं सहज सुचलं याचा राग आला. त्या क्षणापर्यंत माझं भांडण माझ्या सहीपुरतं होतं. मी सही केली नाही, माझं काम झालं, असं म्हणून मी गप्प बसू शकले असते. पँट्रीतून परत येईपर्यंत मी ठरवून टाकलं की गप्प बसायचं नाही.

काम सुरू होण्याआधी कारखान्यात एक बैठक होती. त्यांच्या सुरक्षा विभागानं लिहून कळवलं होतं की कागद बघणारी तांत्रिक व्यक्ती हजर पाहिजे, म्हणजे मला न्यावंच लागणार होतं. साहेबांच्या गाडीत पुढे ते आणि पायलट, मागे मी आणि बॅटरीची पेटी. सित्राच्या पुलावर साहेब आरशातून माझ्याकडे बघत म्हणाले, "तुम्ही फक्त बसायचं. बोलणार मी."

मी काही बोलले नाही. त्यांनी त्याचा अर्थ हो असा घेतला.

सुरक्षा अधिकारी एक बहारीनी बाई होती, तिशी-पस्तिशीची. काळा पायघोळ अबाया, त्याखाली जाड तळव्याचे सेफ्टी शूज, हिजाबवर पांढरं हेल्मेट. बसल्याबसल्या तिनं हेल्मेट काढून टेबलावर ठेवलं, टॅब उघडला आणि इंग्रजीत एकेक विचारायला सुरुवात केली. बॅटऱ्या कशा साठवता. वारा किती झाला की उड्डाण थांबवता. पायलटचा परवाना कुठे. साहेब झरझर उत्तरं देत होते. मग ती हमीपत्रावर आली. तो कागद साहेबांनी नुकताच तिच्यापुढे सरकवला होता.

"आठही ड्रोन ओळख प्रसारित करतात?"

"येस. ऑल एट," साहेब म्हणाले.

"नाही," मी म्हणाले. "दोनच करतात. सहा करत नाहीत."

माझा आवाज मलाच मोठा वाटला. पायलटनं मान खाली घातली. साहेब हसले आणि तिला म्हणाले, मॅडमचा काहीतरी गैरसमज झालाय. मी पिशवीतून मेल काढला, बनवणाऱ्या कंपनीचा, आणि तिच्यापुढे ठेवला. म्हटलं, "सहाही मी स्वतः तपासले. ते दुसऱ्या देशाच्या बाजारासाठी बनवलेत. आयातीच्या कागदावर मॉडेलचं नाव अर्धवट आहे. मला सही मागितली होती, मी दिली नाही. हे मी कंपनीला लेखी कळवलंय."

तिनं मेल वाचला. दोनदा वाचला. मला वाटलं होतं ती साहेबांवर ओरडेल, किंवा माझे आभार मानेल. तिनं यातलं काहीच केलं नाही. तिनं टॅबवर कुठंतरी बोट टेकवलं आणि म्हणाली, "मग हे सहा आत येणार नाहीत. दोन येतील. आयातीचे कागद दुरुस्त करून आणा. मॉड्यूल बसवणार असाल तर एकेक माझ्यासमोर उडवून दाखवा. खलास."

साहेब म्हणाले, "पण आमचं वेळापत्रक..."

"वेळापत्रक तुमचं आहे," ती म्हणाली.

मग तिनं हमीपत्र उचललं. त्याच्यावरचं नाव वाचलं, पायलटकडे बघितलं. तो पांढरा पडला होता. मी म्हटलं, "ती सही माझ्या नकारानंतर घेतलेली आहे. त्यांना विचारण्यापेक्षा मला विचारा." तिनं कागद पायलटच्या हातात दिला. "हा मी अजून घेतलेला नाही," ती म्हणाली. पायलटनं त्याच्या चार घड्या केल्या आणि खिशात घातला. तिनं हेल्मेट डोक्यावर चढवलं, "यल्ला" म्हणाली आणि बाहेर गेली. पुढची कंपनी दाराबाहेर वाट बघत होती.

पार्किंगमध्ये साहेबांचा तोल गेला. नऊ वर्षांत मी त्यांना असं बघितलं नव्हतं.

"मी तुम्हाला घरातून बाहेर काढून नोकरीला लावलं! माझ्यामुळे तुम्ही इथं आहात!"

"खरंय, सर. काम मात्र मीच केलं."

"व्हिसा कॅन्सल करायला मला एक मेल पुरे."

"करा. कारण लिहून द्या फक्त. खोट्या कागदावर सही केली नाही म्हणून, असं लिहा. मी फ्रेम करून घरी लावते."

"वहिनी, तुम्ही हे चांगलं केलं नाही."

"इथं मॅडम, सर."

ते गाडीत बसले आणि दार आपटलं. पायलट त्यांच्या शेजारी बसला, त्याला दुसरा इलाज नव्हता. मी बसले नाही. बॅटरीची पेटी गाडीतच राहू दिली आणि गेटकडे चालत गेले. दुपारची पाळी सुटलेली होती, कामगारांना नेणाऱ्या बसगाड्या गेटवर लागल्या होत्या. एका बसच्या ड्रायव्हरला विचारलं, मनामाकडे जाता का. तो पंजाबी होता. "बैठो बहनजी," म्हणाला. निळ्या कपड्यातल्या तीस-पस्तीस थकलेल्या माणसांत मी एकटी बाई. एकानं उठून पुढची सीट दिली. पण एक सांगते, घाबरले होते तरी मला फार बरं वाटत होतं. खिडकीशी बसून मी चक्क हसले.

मला लगेच काढलं नाही, कारण काढणं परवडणारं नव्हतं. सहा ड्रोनची भानगड निस्तरायला माझ्याशिवाय कोणी नव्हतं. आयातीच्या चुकीचा खुलासा मी लिहिला, साहेबांनी दातओठ खाऊन त्यावर सही केली. खात्यानं चौकशी केली, व्यापाऱ्याकडून खरे कागद मागवले, समज दिली आणि कागद दुरुस्त करून दिला. मॉड्यूल आले. काडेपेटीएवढे, स्वतःची बॅटरी असलेले. मी त्यांच्यासाठी ड्रोनच्या पाठीवर जागा शोधली, वजन तोलून बघितलं, पट्ट्या बसवल्या. चार ड्रोन नीट चालले. दोन ड्रोनवर मॉड्यूल लावला की ड्रोनला स्वतःचीच जागा सापडेना, हवेत जाऊन तो भरकटायचा. ते दोन मी नापास केले. साहेब म्हणाले, "आणखी एकदा बघा." मी आणखी तीनदा बघितलं आणि तीनदा नापास लिहिलं. ते दोन देशाबाहेर परत गेले.

उरलेले चार कारखान्यात त्या बाईसमोर उडवायचे होते. पायलट माझ्याशी तीन आठवडे बोलला नव्हता. त्या सकाळी तो माझ्याजवळ आला, आपला फोन पुढे केला आणि म्हणाला, "वो ॲप मेरे में भी डाल दो." मी टाकून दिलं. त्या दिवशी चारही ठिपके बाईच्या टॅबवर दिसले. पुढे मी ऐकलं की ठिपका स्वतःच्या फोनवर दिसल्याशिवाय तो ड्रोन जमिनीवरून उचलतच नाही, मग कोणी कितीही घाई करो.

मराठी मंडळींत बातमी पोचायला आठवडाही लागला नाही. ती अशी पोचली, की मी ज्या माणसाच्या जिवावर वर आले त्याचंच काम बुडवायला निघाले होते. दोन घरांतून बोलावणी बंद झाली. संक्रांतीच्या हळदीकुंकवाचा निरोप मला आला नाही. पण ते मंडळाचं होतं, कोणाच्या घरचं नव्हतं, आणि मंडळाची सभासद मीही होते. काळी साडी नेसून मी गेले. दारात साहेबांची बायकोच कुंकवाचा करंडा घेऊन उभी होती. माझ्याकडे न बघता तिनं मला हळदकुंकू लावलं. मी तिच्या डोळ्यांत बघून म्हटलं, "तिळगूळ घ्या." तिनं घेतला. आणि लगेच पुढच्या बाईकडे वळली. मी मात्र शेवटपर्यंत थांबले. मधल्या खुर्चीवर बसून गप्पा मारल्या, ज्यांना मारायच्या होत्या त्यांच्याशी.

माझं काँट्रॅक्ट संपायला तीन महिने होते. तोवर मला काम देणं हळूहळू बंद झालं. माझं टेबल स्टोअरमध्ये हलवलं, जिथं एसीचं तोंड भलतीकडे होतं. मग एक दिवस एचआरनं मला बोलावून एक पत्र पुढे ठेवलं. मी स्वखुशीनं, घरगुती कारणासाठी राजीनामा देत आहे.

मी वाचलं आणि परत सरकवलं. "माझ्या घरात काही कारण नाही. स्वखुशी तर अजिबात नाही. तुम्ही काँट्रॅक्ट वाढवत नाही, असं तुमच्या बाजूनं लिहा."

"मॅडम, राजीनामा असला तर पुढच्या नोकरीला बरं पडतं."

"कोणाला बरं पडतं ते मला कळतं."

तीनदा ते पत्र माझ्यापुढे आलं. चौथ्यांदा त्यांनी त्यांचं पत्र दिलं, कंपनी काँट्रॅक्ट वाढवत नाही असं. नवऱ्यानं ते घरी दोनदा वाचलं आणि म्हणाला, "निदान खरं तरी लिहिलंय." रात्री जेवताना त्यानं मला न विचारता वाटीत तूप वाढलं. त्याची माफी मागायची पद्धत तीच आहे.

मी नवऱ्याच्या व्हिसावर आले. नवी नोकरी मिळायला पाच महिने लागले. प्रत्येक मुलाखतीत विचारायचे, आधीची का सोडली. नवरा म्हणायचा, काहीतरी सांग. मी जे झालं ते सांगायचे. दोन ठिकाणी "कळवतो" म्हणाले आणि कळवलं नाही. एका ठिकाणी समोरचा माणूस म्हणाला, "तुम्ही जरा अवघड दिसता." मी म्हटलं, "कामात नाही. खोट्या सहीच्या वेळी आहे." तिथंही झालं नाही.

झालं ते मनामातल्या सलमानियात, एका लहानशा वर्कशॉपमध्ये. गावभरच्या खासगी क्लिनिकांतली यंत्रं तिथं दुरुस्तीला आणि तपासणीला येतात. सलाईनचे पंप, रक्तदाब बघायची मशिनं. मालक बहारीनी म्हातारा, स्वतः जुना तंत्रज्ञ. मुलाखतीत त्यानं प्रश्न विचारलेच नाहीत, एक बंद पंप आणि स्क्रू ड्रायव्हर पुढे ठेवला.

पहिल्याच आठवड्यात माझ्याकडे तपासणीला आलेला एक पंप ठरल्यापेक्षा थोडा जास्त वेगानं औषध सोडत होता. थोडाच. शेजारच्या टेबलावरचा सहकारी वाकून बघत म्हणाला, "एवढं चालतं. त्यांना आज पाहिजे तो, माणूस न्यायला आलाय."

मी लाल स्टिकर काढला, त्यावर नापास लिहिलं आणि पंपावर चिकटवला.

"त्याला सांगा, उद्या या," मी म्हटलं, आणि पंपाचं झाकण उघडलं.